परवाचं कुठं गेलं

"आता पाहजो," असं म्हणून महादेवरावांनी बटण वर केलं.

कॉम्प्युटरच्या पाठीमागचा पंखा किंचित हलला, अर्धा फेरा घेऊन जागच्या जागी थांबला. एरवी हे यंत्र सुरू होताना आधी घरघरायचं, मग एक बारीक शिट्टी द्यायचं आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. आज पडदा काळाच राहिला. महादेवरावांनी बटण खाली केलं, पुन्हा वर केलं. पुन्हा पंखा हलला आणि थांबला.

"बाबा, सारखं सारखं नका करू," ओले केस टॉवेलात गुंडाळून दारात उभी असलेली नीला म्हणाली. "जळल्यावानी वास येऊन राहिला."

"आतला विजेचा डबा नवा आहे. नव्या मालाले वास राहतेच."

"पण सुरू काहून नाही होऊन राहिला?"

"होते, होते. लाइन पाहतो आधी."

रविवारची सकाळ होती. बाहेर निवडणुकीच्या प्रचाराची रिक्षा भोंगा लावून सक्करदऱ्याच्या तलावाकडे चालली होती. महादेवरावांनी भिंतीतल्या प्लगात टेस्टर घातला. टेस्टरमधला दिवा लागला. म्हणजे वीज होती. त्यांनी वायर बदलून पाहिली, फ्यूज काढून उजेडात धरला, तोही धड होता. भिंतीपासून डब्यापर्यंत वीज व्यवस्थित येत होती आणि आत शिरल्यावर तिचं काय होत होतं ते कळत नव्हतं.

ते स्टुलावर बसले आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर मांडीवर ठेवून यंत्राकडे बघत राहिले. असं त्यांचं सहसा होत नसे.

महादेवराव भोयर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक म्हणून लागले आणि मेकॅनिक म्हणूनच निवृत्त झाले. कुहीजवळच्या गावात त्यांचे भाऊ अजून धान लावत होते. मॅट्रिक होऊन नागपूरला आलेले घरात ते एकटेच. एक्स्चेंजमधल्या त्या लांबलचक खोलीत छतापर्यंत यंत्रांच्या रांगा होत्या आणि गावभरातून कुणी नंबर फिरवला की त्या रांगांमधून कडकड असा आवाज धावत जायचा. नवीन माणसाला त्या खोलीत दहा मिनिटांत डोकेदुखी व्हायची. महादेवरावांना मात्र त्या गदारोळात एखादं यंत्र गप्प असलं तर ते ऐकू यायचं. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने त्यांना घरातल्या शांततेनं झोप येत नसे. मग कॉलनीतले लोक रेडिओ, मिक्सर, कूलरच्या मोटारी आणून द्यायला लागले आणि दिवस बरे जायला लागले.

कॉम्प्युटर आणायचं नीलाच्या मनात आलं. ती बी.एस्सी. झालेली, घरी बसून विद्यापीठातल्या लोकांचे थिसिस टाइप करून द्यायची. टाइपरायटरवर एक ओळ वाढवायची म्हटलं की पुढची सगळी पानं पुन्हा करावी लागत. मागच्या वर्षी नत्थू खोब्रागडेनं सगळे भाग आणून दिले. नत्थू पूर्वी एक्स्चेंजमध्ये महादेवरावांच्या हाताखाली शिकायला होता. पुढे खातं सोडून त्यानं सीताबर्डीवर स्वतःचं दुकान टाकलं. बाजेवर चादर अंथरून महादेवराव, नत्थू आणि नीला अशा तिघांनी मिळून दुपारभरात यंत्र जोडलं. शेजारच्या रंभाबाई हळदकुंकू घेऊन पाहायला आल्या होत्या. तेव्हा एका फटक्यात सुरू झालं होतं.

आता त्यात हार्ड डिस्क बसवायची होती. आतापर्यंत नीलाला सारख्या फ्लॉप्या काढाव्या-घालाव्या लागायच्या. डिस्क आली की सगळं आतच राहणार होतं. पण डिस्क वीज जास्त खाते, म्हणून वीज देणारा आतला डबाही मोठा घ्यायला हवा, असं नत्थू म्हणाला. त्यानं डिस्क तयार करून दिली, डबा दिला, आणि "येऊन बसवून देतो उस्ताद," असंही म्हणाला. महादेवरावांना हसू आलं. "तू मले शिकवून राहिला काय बे?" शुक्रवारी त्यांची बायको सुभद्राबाई आणि नीला एका साक्षगंधाच्या कार्यक्रमाला गेल्या असताना त्यांनी एकट्यानं दोन्ही गोष्टी बसवल्या आणि झाकण लावून टाकलं. शनिवारी दिवसभर वीज नव्हती. त्यामुळे सुरू करायला रविवार उजाडला.

आणि शामला किंमतकरबाईंचा थिसिस येत्या शुक्रवारी विद्यापीठात द्यायचा होता. वैनगंगेच्या काठावर मासेमारी करणाऱ्या ढीवरांवर त्यांनी सात वर्षं काम केलं होतं. शेवटचं प्रकरण आणि सगळ्या दुरुस्त्या टाइप करायच्या राहिल्या होत्या.

"उघडू काय?" नीलानं विचारलं.

"मीच उघडतो."

त्यांनी झाकण काढलं. स्क्रू नेहमीप्रमाणे स्टीलच्या वाटीत टाकले. एक्स्चेंजमध्ये त्यांची एक रीत होती: एका वेळी एकच वस्तू काढायची, पाहायची, परत बसवायची, मग दुसरीला हात लावायचा. त्यांनी पडद्याचं कार्ड उपसलं, त्याच्या कडेच्या पितळी पट्ट्या खोडरबरानं घासल्या, फुंकर मारली, कार्ड बाजेवर ठेवलं. मग डिस्कची चपटी वायर काढून पुन्हा घातली. मग बटण दाबलं. पंखा हलला, थांबला.

"चित्र काहून नाही येत?" ते पुटपुटले. "चित्र तं यायले पाहिजे."

"बाबा, कार्ड बाजेवर आहे."

महादेवरावांनी मागे वळून पाहिलं. कार्ड चादरीवर पडलं होतं. त्यांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाच्या घरचं होतं.

"हे तू काढलं?"

"तुम्हीच काढलं ना आत्ता. रबरानं घासलं नाही का?"

"हौ, हौ. घासलं." त्यांनी ते परत बसवलं, पण त्यांचा चेहरा उतरला. "तू मधात मधात बोलू नको वं. माझी लिंक तुटते."

नीला पुढे सरकली. तिनं गुडघे टेकून आत पाहिलं. नव्या डब्यातून तारांचे दोन चपटे प्लग निघून मोठ्या बोर्डावर शेजारी शेजारी बसले होते. प्रत्येकात सहा तारा: पिवळी, लाल, निळी, काळ्या अशा. मागच्या वर्षी जोडताना वडिलांनी तिला हाच भाग सगळ्यात आधी दाखवला होता. दोन्ही प्लग दिसायला सारखे आणि कसेही बसतात, म्हणून फक्त एक ध्यानात ठेवायचं: काळ्या तारा मधात यायला पाहिजेत, एकीजवळ एक. उलटं झालं की बोर्ड गेला.

काळ्या तारा दोन टोकांना होत्या.

ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली. आपलीच नजर चुकते आहे असं तिला वाटलं. तिनं टॉर्च आणली आणि पुन्हा पाहिलं.

"बाबा," ती शक्य तितक्या हळू म्हणाली, "हे प्लग इकडचे तिकडे झाले वाटते."

"कोणते?"

"हे दोन. काळे बाहेर आले."

"काहीतरीच नको सांगू." महादेवराव हसले. अगदी मोकळं हसले. "काळे मधात. मी सोताच्या हातानं लावले. मले अजूनही दिसून राहिलं. नत्थू इकडे बसला होता, तू टॉर्च धरली होती…"

"ते मागच्या साली, बाबा. शुक्रवारी घरी कोणीच नव्हतं."

महादेवरावांचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला अर्थ निघून गेला. त्यांनी टॉर्च घेतली आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ताठ उभे राहिले.

"कोणी हात लावला याले?"

सुभद्राबाई पोह्यांची ताटली घेऊन आत येत होत्या.

"शुक्रवारी आल्यावर खोली कोणी झाडली?" महादेवरावांनी त्यांना विचारलं.

"मीच झाडली. अजून कोण झाडते?"

"मंग तूच हात लावला."

"अवो, झाकण लागलेल्या डब्यात मी कसा हात लावीन? इतक्या वर्षांत तुमच्या सामानाले बोट तरी लावलं काय मी?"

"मंग आपोआप झालं काय?" त्यांचा आवाज चढला. या घरात तो असा क्वचितच चढला होता. "नीला, तू पाहिलं असंल उघडून. सांग ना तसं! घाई राहते तुले."

नीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. महादेवराव खोलीत इकडून तिकडे फिरले आणि अचानक थांबले. "नत्थू! त्यानं डबाच उलटा बनवून देला. रंगच उलटे टाकले असतील लेकाच्यानं." असं म्हणून ते फोनकडे गेले. टेलिफोनच्या माणसाचं घर, म्हणून गल्लीत फोन फक्त त्यांच्याकडे होता. नत्थूच्या घरचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. तो त्यांनी एकदाही न अडखळता फिरवला.

स्वयंपाकघरात सुभद्राबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. नीला आत आली तेव्हा त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"आई, बाबांले काय होऊन राहिलं?"

"तुले आज दिसलं," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी दसऱ्यापासून पाहून राहिली."

मग त्यांनी सांगितलं. दसऱ्याला नीला घरी नसताना महादेवराव आपट्याची पानं आणायला गेले आणि दुपारपर्यंत आलेच नाहीत. शेवटी एका सायकलरिक्षातून त्यांना एक बाई घेऊन आल्या. पार्वतीबाई नाव सांगितलं त्यांनी. भोयर कुटुंब पूर्वी टेलिफोनच्या ज्या क्वार्टरमध्ये राहायचं, तिथे आता त्या राहत होत्या. महादेवराव तिथे जाऊन दारात उभे राहिले होते आणि 'किल्ली कुठी ठेवली' म्हणून विचारत होते. त्या बाईनं त्यांना बसवलं, चहा दिला, हळूहळू बोलत पत्ता काढला.

"मले काहून नाही सांगतलं तू?"

"काय सांगू वं पोरी? दुसऱ्या दिवशी एकदम चांगले होते. कूलरची मोटर बांधून राहिले होते. मले वाटलं, उन्हाचं झालं असंल." मग त्या म्हणाल्या, "दसऱ्याले काही इतकं ऊन नसते. पण वाटलं."

नत्थू खोब्रागडे दुपारी लूनावरून आला. चाळिशीचा, अंगानं आडवा, बोलताना शब्द मोजून टाकणारा माणूस. फोनवर उस्तादांनी त्याला काय काय सुनावलं होतं ते त्याच्या चेहऱ्यावर कुठेच दिसत नव्हतं. त्यानं चपला काढल्या, महादेवरावांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि यंत्रापुढे बसला.

त्यानं एकदाच आत पाहिलं. मग बोर्डाजवळ नाक नेलं, वास घेतला. एका कोपऱ्यात बोर्डावर तांबूस डाग पडला होता.

"काय?" महादेवराव त्याच्या मागे उभे होते. "सांग. कोणाची गलती आहे?"

नत्थूनं नीलाकडे पाहिलं. नीलानं खाली पाहिलं. तेवढ्यावरून तो समजला असावा.

"गलती माझी आहे, उस्ताद," तो म्हणाला. "डबा खराब निघाला. दिल्लीचा माल, असा निघते कधी कधी. तुमच्या हातून काही झालं नाही. मी बोर्ड बदलून देतो."

"म्हटलं नव्हतं!" महादेवराव सुभद्राबाईंकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरून सकाळपासूनचा ताण एकदम उतरला. "डबाच खराब. मी म्हणून राहिलो होतो सकाळपासून. जा, चहा टाक नत्थूले."

सुभद्राबाई चहा टाकायला गेल्या. नत्थूनं प्लग ओढून काढायला हात घातला, पण तारा सैल होत नव्हत्या. "कैची देजो वं नीला," तो म्हणाला. "हा दोरा कापावा लागते."

"कोणता दोरा?" महादेवरावांनी विचारलं.

नत्थूचा हात थांबला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता.

महादेवराव वाकले. दोन्ही प्लगांच्या तारा डब्यापासून बोर्डापर्यंत एका जुडीत बांधलेल्या होत्या. मेणाचा दोरा, बोटाबोटाच्या अंतरावर एकेक गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत. एक्स्चेंजमध्ये तारांच्या जुड्या अशाच बांधत. बाहेर हे काम कुणी करत नाही. तार मोकळी लोंबू दिली तरी यंत्र चालतं. पण महादेवरावांना मोकळी तार बघवत नसे, आणि दोऱ्याचं रीळ अजूनही त्यांच्या पेटीत होतं.

"नत्थू," ते म्हणाले, "ही गाठ कोणाची?"

नत्थूनं हात मागे घेतला.

"तुले येते?"

"तुम्ही शिकवली होती, उस्ताद. मले अशी कधी जमली नाही. माझी ढिली राहायची, तुम्ही कापून टाकायचे."

"हिले येते?" त्यांनी नीलाकडे बोट केलं.

"नाही."

"मंग हे मी बांधलं."

"हौ."

महादेवरावांनी एका गाठीवरून अंगठा फिरवला. गाठ पक्की होती. दोरा ज्या बाजूनं ओढला होता, ती बाजूही त्यांचीच. आधी प्लग बसवायचे, मग जुडी बांधायची. उलट करता येत नाही. म्हणजे शुक्रवारी दुपारी याच खोलीत याच स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही प्लग उलटे लावले होते. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं खाली वाकून, काळ्या तारा डोळ्यांसमोर असताना, सगळ्या गाठी एका रेषेत मारल्या होत्या.

"डबा चांगला आहे ना?" त्यांनी विचारलं.

"उस्ताद…"

"माझ्यासंग खोटं नको बोलू, नत्थू. तुले एक्स्चेंजमध्ये कधी खोटं बोलू देलं नाही."

"चांगला आहे," नत्थू म्हणाला.

महादेवराव मोरीवर जाऊन हात धूत राहिले. बाहेर आले ते अंगणातल्या पायरीवर बसले. नत्थूनं चहा उभ्या उभ्या घेतला. "बोर्ड गेला. माझ्या दुकानात एक जुना आहे, तो मंगळवारी आणतो. तुझं काम थांबत नाही," असं नीलाला हळूच सांगून तो निघाला. फाटकापाशी महादेवराव उठून उभे राहिले.

"फोनवर मी तुले काय बोललो?"

"काही नाही बोलले."

"सुभद्रा सांगत होती की शिव्या देल्या."

"तुमच्या शिव्या खाऊनच तं शिकलो, उस्ताद." नत्थूनं लूना सुरू केली. मग तो गल्लीतून निघून गेला.

नीला वडिलांच्या शेजारी पायरीवर येऊन बसली. समोरच्या घरावर कुणीतरी पक्षाचं कागदी तोरण लावलं होतं, ते वाऱ्यानं फडफडत होतं.

"मी तुले सकाळी बोललो," महादेवराव म्हणाले.

"जाऊ द्या ना, बाबा."

"मले अजूनही तेच आठवून राहिलं. काळे मधात. तू टॉर्च धरून राहिली, नत्थू इकडे. एकदम साफ."

"ते खरंच आहे. तसंच झालं होतं. पण मागच्या साली."

"हौ. तू म्हणते तं मागच्या साली." त्यांनी समोरच्या तोरणाकडे पाहिलं. "मंग परवाचं कुठं गेलं?"

नीला त्यांच्या आणखी जवळ सरकली.

"एखाद्याचा फोन लागत नसला तर आम्ही काय म्हणायचो? नंबर फिरवला आहे, तर तो कुठंतरी गेला असंलच. वाटेत कुठंतरी अडकला असंल. शोधत गेलं की सापडायचा. नेहमी सापडायचा." त्यांनी हाताचे पंजे समोर धरून पाहिले. "हे मी केलं, माझ्या हातानं केलं, आणि मी तिथं नव्हतो. हे काय आहे वं?"

"आपण डॉक्टरले विचारू."

"तुझ्या आईले मी बोललो की तू हात लावला म्हणून."

"तिले माहीत आहे बाबा, तुम्ही मुद्दाम नाही बोलले."

"तिले काय काय माहीत आहे?" महादेवरावांनी विचारलं आणि तिच्याकडे पाहिलं. नीलाला नजर चुकवता आली नाही. तिनं दसऱ्याचं सगळं सांगितलं. क्वार्टर, पार्वतीबाई, चहा, सायकलरिक्षा. ते लक्ष देऊन ऐकत होते, मधून मधून मान हलवत होते, दुसऱ्या कुणाची तरी हकिकत ऐकावी तसे.

"चहा घेतला मी त्यांच्याकडे?" शेवटी ते एवढंच म्हणाले. "अनोळखी माणसाच्या घरी?"

सोमवारी नीला त्यांना धंतोलीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सुभद्राबाईही बरोबर होत्या. त्यांनी लुगडं बदलून ठेवणीतलं नेसलं होतं, लग्नाला निघाल्यासारखं. डॉक्टर वयानं महादेवरावांच्या बरोबरीचे होते. त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले, डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली. काही तपासण्या लिहून दिल्या. मग आडपडदा न ठेवता म्हणाले, की हे हळूहळू वाढत जातं, काही दिवस अगदी चांगले जातील, काही नाही. एकट्यानं बाहेर पाठवू नका, हाताला काम राहू द्या. याच्यावर औषध म्हणून सांगावं असं आज तरी काही नाही.

"म्हणजे पार्ट भेटत नाही," महादेवराव म्हणाले.

डॉक्टरांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं. "हो," ते म्हणाले, "पार्ट मिळत नाही."

"तसं सांगा ना मंग. मेकॅनिकले तसं सांगतलं की समजते."

बाहेर आल्यावर सुभद्राबाई रस्त्यातच रडायला लागल्या. महादेवरावांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना झाडाच्या सावलीला नेलं. एवढ्या वर्षांत त्यांनी भर रस्त्यात बायकोचा हात कधी धरला नव्हता. "अवं, लोक पाहून राहिले," ते म्हणाले, पण हात सोडला नाही. मग त्यांनी ठेलेवाल्याकडून संत्री घेतली, तिथेच उभ्या उभ्या सोलली आणि एकेक फोड तिघांनी खाल्ली. घरी येताना रिक्षावाल्याला पत्ता त्यांनीच सांगितला. बरोबर सांगितला.

मंगळवारी दुपारी नत्थू बोर्ड घेऊन आला. या वेळी महादेवराव स्टुलावर बसले नाहीत. ते खिडकीपाशी हात मागे बांधून उभे राहिले आणि नत्थू आणि नीला काय करतात ते बघत राहिले. नत्थूनं बोर्ड घट्ट केला. नीलानं प्लग हातात घेतले आणि वडिलांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काहून पाहते?" ते म्हणाले. "तुले माहीत आहे."

तिनं प्लग लावले. नत्थूनं वाकून पाहिलं. मग महादेवरावही वाकले, पाहिलं, आणि पुन्हा खिडकीशी गेले. पडद्याचं कार्ड बसलं, डिस्कची वायर बसली. तारा मोकळ्याच लोंबत होत्या. नत्थू म्हणाला, "उस्ताद, दोरा?" महादेवरावांनी मान हलवली. "आधी चालू द्या."

नीलानं बटण वर केलं.

पंखा फिरायला लागला. फिरतच राहिला. आतून नव्या डिस्कचा एक वेगळाच, चढत जाणारा आवाज आला. महादेवरावांनी तो ऐकायला मान तिरकी केली. बारीक शिट्टी वाजली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या सुभद्राबाई "झालं बाई एकदाचं," असं म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या.

या यंत्रात घड्याळ नव्हतं. दर वेळी सुरू झालं की ते आधी त्या दिवसाची तारीख विचारायचं. ती भरली की पुढे जायचं. नीलाची बोटं सवयीनं कळांवर गेली.

"थांब," महादेवराव म्हणाले. "मी भरतो."

नीला उठली. ते खुर्चीवर बसले, खिशातून चष्मा काढून लावला आणि उजव्या हाताची तर्जनी कळांवर धरली. पडद्यावर प्रश्न होता आणि त्याच्यापुढे एक छोटी रेघ लुकलुकत होती. बोट तसंच राहिलं. खोलीत पंख्याचा आवाज होता. कॅलेंडर आतल्या खोलीत होतं, इथून दिसत नव्हतं. नत्थू जमिनीवरची वायर गुंडाळायला लागला आणि गुंडाळून झालेली पुन्हा उलगडून गुंडाळायला लागला. सुभद्राबाईंनी ट्रे खाली ठेवला.

महादेवरावांनी मागे वळून पाहिलं नाही. एक्स्चेंजमध्ये यंत्रावर काम करताना शेजारच्या माणसाला मीटरवरचा आकडा विचारावा, तशा सरळ आवाजात त्यांनी विचारलं, "नीला, आज तारीख काय?"

"एकवीस, बाबा. नोव्हेंबर."

"साल?"

"एकोणनव्वद."

त्यांनी एकेक आकडा शोधून दाबला. यंत्रानं तारीख घेतली नाही. चुकलं असं सांगून पुन्हा तोच प्रश्न विचारला. महादेवरावांनी चष्म्यावरून नीलाकडे पाहिलं.

"तुमचं बरोबर आहे," नीला घाईनं म्हणाली. "त्याची रीत वेगळी आहे. पहिले महिना टाकायचा, मंग तारीख."

"असं काय."

त्यांनी पुन्हा दाबलं. आधी अकरा, मग एकवीस, मग एकोणनव्वद. या वेळी यंत्र पुढे गेलं. महादेवराव पडद्याकडे बघत थोडा वेळ बसून राहिले. मग उठले, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं खुर्ची पुसली आणि नीलाला बसायला ती मागे ओढून धरली.